न्हाणीतला खालचा दांडा

सन २०२४, कार्तिक महिना. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या अजून उतरल्या नव्हत्या, त्यामुळे बोरी बुद्रुकच्या मळ्यांत ऊस उभाच होता. पहाटे थंडी पडे, दुपारी ऊन चावे. अशा एका रविवारी सकाळी गोरख गवंडी मापाची टेप घेऊन धर्माजीच्या दारात आला.

त्याला धर्माजीनं बोलावलं नव्हतं. भरतनं बोलावलं होतं. भरत हा धर्माजीचा मुलगा. चाकणला कंपनीत होता. शनिवारी मळ्यात यायचा, सोमवारी उजाडायच्या आत जायचा. त्याची बायको अक्षदा आणि लहानगी संस्कृती मळ्यातच असत. आषाढात भरतची आई, बयाबाई, अंगणापलीकडच्या न्हाणीत पडून गेली. तेव्हापासून भरतनं डोक्यात एकच घेतलं होतं. ती न्हाणी पाडायची आणि धर्माजीच्या खोलीला लागून घरातच बाथरूम बांधायचं. पाय न सरकणारी फरशी, धरायला दांडे, बसून अंघोळ करता येईल असं सगळं.

गोरखनं खोलीच्या भिंतीवर टिचक्या मारून बघितल्या. "हितनं दार काढलं की झालं, आबा. भिताड कच्चंच हाय."

"काढ की," धर्माजी म्हणाला. "पलीकडं देव बसल्यात. त्येंचीबी अंघोळ उरकून घे."

गोरख हसला. भरत हसला नाही.

"देवघर दुसरीकडं हलवू, आबा."

"हलव. तुला हलायची सवय हाय. आधी तू हाललास, आता देव हालव."

"तुमचा गुडघा बघा जरा. न्हाणीचा उंबरा वलांडताना दार धरून हुबं राहता तुमी. उद्या पडला म्हंजे?"

"पडलो तर माझा मी पडंन."

"आईबी आसंच म्हणायची," भरत म्हणाला.

अक्षदानं चहा आणून ठेवला. धर्माजीनं कप उचलला आणि खिडकीतून न्हाणीकडं बघत राहिला.

ती न्हाणी त्यानं स्वतःच्या हातानं बांधली होती. अंगण संपतं आणि ऊस सुरू होतो, त्या कडेला. साप-विंचू आत शिरू नयेत म्हणून उंबरा पार गुडघ्याला लागेल एवढा उंच घेतला. वाऱ्यानं आपटू नये म्हणून पत्र्याचं दार आत उघडणारं बसवलं. बसायला कुकडीच्या पात्रातून काळा दगड आणला, बैलगाडीत घालून. नवा होता तेव्हा दगड खरबरीत होता. पुढं साबणानं आणि पाण्यानं असा गुळगुळीत झाला की त्यात तोंड दिसावं. बयाबाईला त्याचा केवढा तोरा. आल्या-गेल्याला सांगायची, असा दगड अख्ख्या बोरीत कुणाच्या न्हाणीत नाही.

त्याच दगडावर तिनं एक सबंध पावसाळा धर्माजीला अंघोळी घातल्या होत्या. विहिरीच्या पायऱ्यांवरून पाय सटकून त्याची मांडी मोडली होती. बयाबाई अंगानं लहानखुरी, त्याच्या छातीला लागणारी. पण रोज त्याच्या काखेत खांदा घालून त्याला उठवायची, एकेक पाय उंबऱ्यावरून उचलून ठेवायची, दगडावर बसवायची, न्हाऊ घालायची. धर्माजीला लाज वाटे, आणि लाज वाटली की तो चिडे.

"हळू की. पोतं हाय का मी?"

"पोतं बरं. पोतं बोलत न्हाई," ती म्हणायची.

तो काठीवर चालायला लागला त्या दिवशी तिनं पदराला हात पुसत विचारलं, "माझी बारी आली तर धरताल का मला?"

"धरीन."

"इसराल."

"धरीन म्हणलं ना."

एवढंच बोलणं झालं. आभार मानायची रीत त्यांच्यात नव्हती.

पुढं या भागातल्या उसात बिबट्यानं घर केलं. शेळ्या गेल्या, कुत्री गेली, माणसंही गेली. तेव्हापासून मळ्यामळ्यांत एक वळण पडलं. दिवेलागणीनंतर घरातलं कोणी अंगणापलीकडं गेलं की मागं राहिलेल्यानं हाक द्यायची, आणि गेलेल्यानं ओ द्यायची. माणसाचा आवाज असला की जनावर बिचकतं. बयाबाईची अंघोळ संध्याकाळची. दिवसभर शेतात राबून आली की बंबातल्या कढत पाण्यानं गुडघे शेकायची. अंघोळ करताना ओरडायला तिला लाज वाटे. म्हणून ती तांब्या दगडावर एकदा वाजवायची. धर्माजी ओट्यावरून म्हणायचा, "हाय का गं?" आणि आतून यायचं, ठण्ण. म्हणजे आहे, सुखरूप आहे.

त्या आषाढातल्या संध्याकाळी पाऊस नुकता उघडला होता. अक्षदा पोरीला घेऊन माहेरी गेली होती. बयाबाई खांद्यावर लुगडं टाकून निघाली आणि पायरीवर थांबली.

"आज गुडघा लई धरलाय. दारापातुर येता का?"

धर्माजी विळ्याला नवी मूठ बसवत होता. "बलप हाय की. जा. मी हितंच हाय."

ती गेली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. पत्र्याचं दार लागलं. जरा वेळानं त्यानं हाक दिली, "हाय का गं?"

ठण्ण.

मूठ ठोकता ठोकता त्यानं पुन्हा हाक दिली. पुन्हा ठण्ण. मग त्यानं हाक दिली नाही तरी तांब्या वाजला. परत वाजला. वाजतच राहिला. धर्माजी गालातल्या गालात हसला. दारापर्यंत गेलो नाही, म्हातारी चिडली, असं त्याला वाटलं.

"वाजव, वाजव," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "पोचा पडंल तांब्याला."

मग आवाज थांबला.

मूठ घट्ट बसल्यावर तो उठला. न्हाणीचं दार ढकललं. दार उघडेना. मागं काहीतरी जड होतं. त्यानं खांदा लावून जोर केला, दार वीतभर सरकलं, आणि आपण दार कशावर ढकलतोय ते तेव्हा त्याला कळलं.

डॉक्टर भरतला म्हणाला, "पडल्यावर बराच वेळ शुद्धीवर असणार त्या. कुणाला आवाज कसा गेला नाही?"

भरतनं बापाकडं बघितलं.

"न्हाई," धर्माजी म्हणाला. "आवाज न्हाई आला."

बयाबाई सवाष्ण गेली. बायकांनी मळवट भरला, हिरवं नेसवलं, दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला. तांब्या धर्माजीनं तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आपल्या खाटेखाली सरकवला. कोणाला हात लावू दिला नाही.

दहावा झाला, तेरावा झाला, पाव्हणे आपापल्या गावी गेले. त्या संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हाय का गं?"

ठण्ण.

धर्माजी उठून खोलीत गेला, वाकून खाटेखाली बघितलं. तांब्या लुगड्यात होता. कोरडा होता. तो परत ओट्यावर आला. हळू आवाजात हाक दिली, आणि न्हाणीतून ओ आली.

तेव्हापासून रोज. आषाढ सरला, श्रावण-भादवा गेला, दसरा-दिवाळी झाली. दिवसभर तो कोणाशी धड बोलत नसे. पण दिवेलागण झाली की ओट्यावर बैठक मारून बसे. अंगणातली कोंबडी झाकली जात, उसाच्या पातींचा आवाज वाढे, बंबाच्या थंड राखेचा वास येई. मग तो हाक देई. एकदा, दोनदा. ओ आली की त्याचा जीव थाऱ्यावर येई आणि तो भाकर खायला आत जाई.

अक्षदानंही ऐकलं होतं. एकदा ती म्हणाली, "आबा, न्हाणीतला नळ गळतोय का? तांब्यावर थेंब पडल्यागत वाजतंय."

"नळ बदलायचाय," धर्माजी म्हणाला.

न्हाणीत तांब्या नव्हता, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती संस्कृतीला भर उन्हात अंगणातच पाटावर बसवून न्हाऊ घालू लागली.

म्हणून न्हाणी पाडायची नव्हती. न्हाणी पाडली की बयाबाई गेली. हे भरतला सांगता येत नव्हतं.

त्या रविवारी चहा झाल्यावर धर्माजी उठला. "चल गोरख, बघ म्हणजे कळंल. अजून शंभर वरसं उभी राहील. पाडायला निघाल्यात."

दोघं न्हाणीपाशी गेले. धर्माजी दाराची चौकट धरून बाहेर उभा राहिला. गोरख उंबरा ओलांडून आत गेला आणि भिंतीवरून हात फिरवता फिरवता थांबला.

"आबा, ह्या रेघा कशाच्या?"

चुन्याच्या भिंतीवर, कमरेच्या जरा खाली, बारीक ओरखडे होते. दारापासून दगडापर्यंत. एकावर एक, दाट, काही जुने काळे पडलेले. कुठं कुठं हिरवट कण चुन्यात रुतले होते.

"बांगड्या हैत," गोरख स्वतःच म्हणाला. "माझी आई अशीच भिताड धरून चालायची. घासून घासून असंच झालं व्हतं. म्हातारीनं लई वरसं भिताडाचा आधार घेतलाय, आबा. तुमाला बोलली न्हाई कधी?"

धर्माजीनं चौकट आणखी घट्ट धरली.

"न्हाई सांगत ह्या बाया," गोरख म्हणाला आणि खाली बसला. "आन हितं कुणी ठोकलंय? टवकं उडाल्यात दगडाचं."

"ती तांब्या वाजवायची. बिबट्यासाठी."

"ती जागा ही, बादलीपाशी. ही तर घासून गोल झालीय, एक खळगा पडलाय. मी ह्या बाजूचं म्हंतोय. दाराच्या मागं, पार भुईला लागून. हितं बसून कोण वाजवंल? आडवं पडल्याबिगर हात पोचायचा न्हाई."

धर्माजीनं वाकून बघितलं. दगडाच्या खालच्या कडेला पांढरे टवके होते. एक नाही, दोन नाही. जिथं तिचं डोकं होतं, तिथंच.

तो सरळ उभा राहिला. ऊस सळसळला. त्या संध्याकाळी शेवटी वाजत राहिली ती ओ नव्हतीच. ती बोलावत होती. आणि त्यानंतर रोज तो ओट्यावर बसून जी ओ ऐकत होता आणि समाधानानं भाकर खात होता...

"आबा, खाली बसता का जरा?" गोरख म्हणाला.

"न्हाई. तू जा. उद्या ये."

त्या रविवारी संध्याकाळी धर्माजीनं हाक दिली नाही. भरत गावात गेला होता. अक्षदा चुलीपाशी होती. धर्माजी तोंड घट्ट मिटून ओट्यावर बसला. अंधार उसातून निघून अंगणात आला. कोंबडी गप्प झाली. पातींचा आवाजही थांबला.

ठण्ण.

हाक दिली नव्हती, तरी.

ठण्ण... ठण्ण...

ओ देणाऱ्याचा हात असा नसतो. त्यात उतावीळ होती. मग दम लागल्यासारखं सावकाश. मग पुन्हा घाईनं.

धर्माजी उठला. काठी घेतली. न्हाणीपाशी आला तसा वास आला. ओल्या चुन्याचा, शिकेकाईचा. बंब आषाढापासून पेटला नव्हता, तरी पत्र्याच्या फटीतून कढत वाफ त्याच्या पायांना लागली. आवाज भुईपासून येत होता. दाराच्या मागून.

त्यानं दाराला तळवा लावला. हळूच लोटलं. दार बोटभर हललं आणि अडलं.

जड होतं.

"बया..." तो म्हणाला.

आवाज थांबला. मग पत्र्याच्या आतल्या अंगाला काहीतरी घासलं. खालून वर. काचेचं. बारीक किणकिण झाली आणि पुन्हा खाली गेली.

जोर लावला असता तर दार उघडलं असतं. एकदा तसंच उघडलं होतं. पण पुन्हा तिच्या अंगावर दार ढकलायला त्याचा हात धजेना. आणि दार उघडलं असतं तरी काय? एवढा उंबरा, आत बुळबुळीत दगड, धरायला काही नाही. त्याचा गुडघा तिथंच मोडला असता आणि दोघं आत पडून राहिले असते.

धर्माजी जन्मात कधी अर्ध्या वाटेवरून परत फिरला नव्हता. तो फिरला. ओट्यापर्यंत येईस्तोवर पाठीमागं तांब्या वाजत होता... वाजत होता... आणि मग थांबला. त्या दिवशी जसा थांबला होता, तसाच.

भरत निघायच्या आधी, अंधारातच, धर्माजी त्याच्या अंथरुणापाशी उभा राहिला.

"न्हाणी पाडायची न्हाई. दुरुस्त करायची. दार भायेर उघडणारं. उंबरा फोडायचा, उतार काढायचा. दगडाला टाकी लावून खरबरीत करायचा. धरायला दांडं. आजच्या आज."

भरत डोळे चोळत उठला. "आबा, घरात नवीन होतंय तर..."

"घरात तुला काय बांधायचं ते बांध पुढं. माझी ना न्हाई. देव हलवलंस तरी ना न्हाई. पण आधी ती."

भरतनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. जाता जाता गोरखला फोन केला.

गोरखनं काम चांगलं केलं. घणानं उंबरा फोडला आणि त्या जागी खरबरीत सिमेंटचा उतार काढला, लेकराला रांगत जाता येईल असा. दाराच्या बिजागऱ्या काढून दार उलटं बसवलं, बाहेर उघडणारं. दगड काढून फरशी टाकू म्हणाला, तर धर्माजी ऐकेना.

"जात्याला टाकी लावत्यात तशी लाव. नवा आणला तसा खरबरीत कर."

"चकाकी जाईल की. काकू लई मिरवायच्या दगड."

"जाऊ दे."

गोरख छिन्नी घेऊन बसला. टक-टक-टक करून त्यानं साऱ्या दगडाला टाकी लावली. तोंड दिसणारा दगड करडा झाला. मग स्टीलचे दांडे आले. एक डाव्या भिंतीला, धर्माजीच्या कमरेच्या उंचीला. दुसरा उजव्या भिंतीला.

"हा खाली घे," धर्माजी म्हणाला.

"आजून खाली? आबा, तुमच्या मांडीला लागंल. वाकून धरताल का?"

"खाली घे. रेघा हैत तिथं."

"संस्कृतीसाठी का?"

"लाव म्हणलं ना."

गोरखनं दांडा भिंतीवरच्या ओरखड्यांवर धरला. बरोबर बसला, जणू माप घेऊन काढला होता. त्यानं एकदा धर्माजीकडं बघितलं. मग भोकं पाडायला गिरमिट लावलं.

ऊन उतरलं तेव्हा त्यानं थापी धुतली. "सिमिट वलं हाय, आबा. उद्यापातुर दांड्यावर भार टाकू नका. उपटून हातात येईल."

"बरं."

गोरख गेला. दिवेलागण झाली. धर्माजीनं हात-पाय धुतले, डोक्याला पटका बांधला आणि ओट्यावरून उतरला.

"आबा, कुठं?" अक्षदा दारात आली.

"न्हाणीत."

"ह्या येळंला? मी येऊ का बॅटरी घेऊन?"

"तू पोरीला घेऊन आत बस. दार लाव. हाक आली तरी येऊ नको."

"कुणाची हाक?"

"माझी."

अक्षदानं पोरीला उचलून कडेवर घेतलं. ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

धर्माजी उतारापाशी पोचला आणि लाईट गेली. घर, अंगण, ऊस सगळं एक झालं. तो थांबला नाही. पायाखाली खरबरीत सिमेंट लागलं. आतून आवाज सुरू झाला.

ठण्ण... ठण्ण...

"आलो," तो म्हणाला.

त्यानं दार ओढलं. दार सहज उघडलं. त्याच्यामागं काही अडलं नाही. आतून वाफ तोंडावर आली. डावा हात वरच्या दांड्याला लावला. दांडा गार होता. एक पाऊल. दुसरं. टाकी लावलेला दगड तळपायाला टोचला, पाय सरकला नाही. आवाज आता त्याच्या पायांपाशी होता. तो थांबला, तसा आवाजही थांबला.

त्यानं उजवा हात अंधारात खाली केला.

"उशीर झाला गं..."

काही नाही. फक्त कोणीतरी दम खात होतं. लहान लहान, मोजके श्वास.

"धर," तो म्हणाला. "मी धरलंय वर. धर तू."

उजवीकडं, खालच्या दांड्यावर, बांगड्या किणकिणल्या. हळूच. चाचपत. मग त्याच्या तळहातात बोटं आली. ओली. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखी गार. पहिल्या बोटावरचा विळ्याचा घट्टा त्याला लागला. तो घट्टा सबंध मळ्यात एकाच हाताला होता.

मग भार आला.

वरचा दांडा करकरला. ओल्या सिमेंटचे कण त्याच्या मनगटावर पडले. गुडघ्यात कळ उठली ती डोक्यात गेली. धर्माजीनं हात सोडला नाही. दात खाऊन ओढलं. भार वर आला, सावकाश, आणि त्याच्या छातीशी ओल्या केसांचा वास आला.

"हळू," तो म्हणाला. "घाई न्हाई."

तो मागं मागं निघाला. त्याच्या पावलाला पाऊल. पलीकडं दांड्यावरून बांगड्या सरकत येत होत्या. दारापाशी तो थांबला.

"बोल की कायतरी," तो म्हणाला. "एकदा बोल."

ती बोलली नाही.

उतार संपला. पायाला अंगणातली माती लागली. वर चांदण्या होत्या. हातात भार होता... होता... आणि मग हातात हातच नव्हता. त्यानं अंधारात तिला शोधलं नाही.

तो चाचपडत ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ त्याची छाती खालीवर होत राहिली. मग त्यानं न्हाणीकडं तोंड करून हाक दिली.

"हाय का गं?"

ऊस सळसळला.

"बया, हाय का गं?"

लाईट आली. न्हाणीतला बल्ब लागला. उघड्या दारातून करडा दगड दिसत होता. आत कोणी नव्हतं. कोणी ओ दिली नाही. धर्माजीनं पटका काढून तोंडाला लावला. अक्षदानं कडी काढून बाहेर बघितलं आणि पुन्हा हळूच दार लोटून घेतलं.

सकाळी गोरख सिमेंटवर पाणी मारायला आला. वरचा दांडा भिंतीतून जरासा उपटला होता. तो बघून त्यानं तोंड उघडलं, मग खालच्याकडं लक्ष गेलं आणि तसाच राहिला. काल कागद काढून लावलेला नवाकोरा दांडा. त्यावर बारीक ओरखडे होते. दगडापाशी सुरू झालेले, दारापाशी संपलेले. सगळे एकाच दिशेचे.

"आबा," त्यानं आतूनच विचारलं, "पोरीच्या हातात बांगड्या हैत का?"

"न्हाईत," ओट्यावरून धर्माजी म्हणाला.

अक्षदानं चहाचा कप पुढं केला. त्यानं उजवा हात लांब केला. तळहातावर रक्ताचा वाळका ठिपका होता, आणि त्यात हिरवी काच. बांगडीचा कपचा, तिळाएवढा.

"काच गेलीय, आबा. सुई आणू का? काढते."

"ऱ्हाऊ दे."

त्यानं मूठ मिटली. डाव्या हातानं कप घेतला. धरीन म्हणाला होता. धरलं.